दिवसा दार लावत नाहीत

"तुम्ही म्यूटवर होतात," मॅडम म्हणाल्या.

मी नाक पुसत होतो. शर्टाच्या बाहीनं. चाळिशीला टेकलेला माणूस, डोळे लाल, कानांवर हे मोठे हेडफोन. समोर लॅपटॉपवर आठ चौकोन, त्यांत आठ माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बरं बोलेल.

"म्हणजे मीच केलं होतं म्यूट," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडून सारख्या कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. बाकीचे डिस्टर्ब होतात. आणि तुम्ही इतके छान फ्लोमध्ये होतात, म्हटलं मध्ये थांबवायला नको."

मला समजायला वेळ लागला. मला सगळ्यालाच लागतो.

"आम्हाला ऐकू काही आलं नाही. पण तुम्ही व्यक्त झालात, ते महत्त्वाचं. पुढच्या वेळी थोडक्यात सांगा. आता वेळ संपलीय." मग त्या हसल्या. "तुमच्या घरात शांतता हा कन्सेप्टच नाहीये का हो?"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, सभ्य हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. ती माझी जुनी सवय. आपल्यावर कुणी हसायला लागलं की आपणच आधी मोठ्यानं हसून घ्यायचं, म्हणजे हसणं आपल्या मालकीचं होतं.

एक जण सँडविच खात होता. मी रडत होतो तेव्हाही खात होता. तेव्हा मला वाटलं होतं, बिचारा दुःखानं हळू चावतोय.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ म्यूटवर आहोत हे माणसाला कळत नाही? खाली पट्टी येते म्हणे तशी. आली असेल. माझं लक्ष नव्हतं. लक्ष नसतं म्हणूनच तर मला त्या ग्रुपात घेतलं होतं.

मी करी रोडला राहतो. चाळ जुनी, खोली एक, गॅलरी सगळ्यांची. बाजूला टॉवर आलाय, त्याची सावली दुपारी आमच्या दांडीवरच्या कपड्यांवर पडते. खोलीत मी आणि आई. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती, आता रिटायर. मी फोर्टला एका ऑफिसात बॅक ऑफिसला. लग्न झालेलं नाही. एक मुलगी बघायला गेलो होतो, तिच्या घरी जाऊन अर्धा तास पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल बोललो. त्यांच्याकडून निरोप आला, मुलगा इलेक्ट्रिशियन आहे हे आधी सांगायला हवं होतं.

लहानपणापासून मी असाच. आई सांगून जायची, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. आता चाळीत सकाळी कुकर एकट्याचा नसतो. सगळा मजला एकाच वेळी शिट्ट्या मारतो. मी मन लावून मोजायचो. तीन झाल्या की बंद. तिन्ही शेजारच्या गमरेकाकांच्या असायच्या. आमचा भात कच्चा. आई कपाळाला हात लावायची आणि त्याच तांदळाची पेज करायची. आम्ही पेज फार खाल्ली.

शाळेत मला हरवलेला म्हणायचे. ऑफिसात साहेब म्हणतात, आलास का पृथ्वीवर. मीच मग त्याचे किस्से करून सांगायला लागलो. चहाच्या टपरीवर माझी फार मागणी असते. स्वतःचा पचका सांगणारा माणूस सगळ्यांना आवडतो.

पण मागच्या वर्षी मी फार दमलो. कामानं नाही. लोकांसारखं दिसण्याच्या कामानं. सकाळी उठून नीट माणसाचा चेहरा लावायचा आणि संध्याकाळपर्यंत धरून ठेवायचा. एक दिवस लिफ्टपाशी उभा राहिलो आणि बटण दाबायचं सुचेना. लिफ्ट येत होती, जात होती. मी उभा. शेवटी वॉचमननं खुर्ची दिली.

सरकारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बोलून सांगितलं, एडीएचडी आहे, लक्ष टिकत नाही, अंग स्थिर राहत नाही, ते. लहानपणापासून असणार. घरी येऊन आईला सांगितलं. दारात गमरेकाका उभे होतेच. ते म्हणाले, "म्हणजे येडेपणाच ना रे?"

"तसंच काहीसं."

"पण इंग्लिशमधला," काका म्हणाले. "म्हणजे प्रमोशन झालं तुझं."

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलायलाही पाहिजे कुणाशी तरी. तुमच्यासारखेच लोक असतील अशांशी. ऑफिसातून एक लिंक मिळाली. न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे वेगळ्या डोक्याच्या, प्रौढांसाठी ऑनलाइन थेरपी ग्रुप, मराठीतून. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता. मॅडम दादरच्या. त्यांच्या खिडकीत समुद्राचा एक तुकडा दिसायचा. करी रोड, परळ, दादर. एवढंच अंतर.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, "आपापली शांत, खासगी जागा निवडा. दार बंद करा. ही तुमची सेफ स्पेस."

मी दार बंद केलं.

आता आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. रात्री लावतात, झोपताना. दिवसा लावलेलं दार म्हणजे कुणीतरी सिरियस, नाहीतर घरात मारामारी, नाहीतर कुणी गेलं आणि बाईमाणसं कपडे बदलतायत. मॅडम म्हणत होत्या, "आता डोळे मिटा," आणि गमरेकाकांनी दार ठोकायला सुरुवात केली. मग बाजूच्या, मग वरच्या मजल्यावरचे. मी दार उघडलं तर गॅलरीत वीसेक माणसं. एकीनं पदर डोळ्यांना लावलेला.

"आई बरी आहे ना?" काकांनी विचारलं.

आई त्यांच्याच मागे उभी होती. हातात कोलंबीची पिशवी. बाजारातून आली होती. तीही घाबरून विचारत होती, "कोण गेलं?"

हा किस्सा टपरीवर जोरात चालला.

पुढच्या शनिवारी मी जागा शोधायला निघालो. गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला. जिन्याखाली रिकामा कोपरा आहे, तिथे मांजर व्यालेलं. शेवटी गॅलरीच्या टोकाच्या संडासात गेलो. हसा. मीही हसतो. कडी लावली, फोन खिडकीच्या जाळीत खोचला, व्हिडिओ बंद. मॅडम म्हणाल्या, "आता नाकानं दीर्घ श्वास घ्या. अगदी पोटापर्यंत. काय आत येतंय ते जाणवू द्या."

मी सांगितलं तसं करणारा माणूस आहे. घेतला.

बाहेरून कुणीतरी बादली आपटून ओरडलं, "आत काय लग्न लावतोयस काय रे?" ते मात्र आठही चौकोनांना ऐकू गेलं.

मग घरीच परत. तेव्हा मॅडमना भिंत दिसली. माझ्या मागच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. एक बुद्धाचा. एक निळ्या सुटातला, चष्मा, हातात पुस्तक. आमच्या प्रत्येक घरात असतो तो. मॅडम म्हणाल्या, "बॅकग्राउंड जरा न्यूट्रल ठेवूया का? काही जणांना ते पोलिटिकल वाटू शकतं."

मॅडमच्या मागे शेल्फ होतं. शेल्फावर बुद्ध. नुसतं डोकं, दगडी, शेजारी मेणबत्ती आणि मनीप्लांट. तो न्यूट्रल. आमचा पोलिटिकल.

हे मला आता सुचतंय. तेव्हा मी "सॉरी मॅडम" म्हणालो आणि मागचं सगळं ब्लर केलं. मी सतत हलतो, त्यामुळे ब्लरलाही कळेना की भिंत कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो. कधी माझा कान जायचा, कधी खांदा. आई मागून गेली की नुसता एक हात आणि डाव दिसायचा, हवेत तरंगत. सगळे हसायचे. मीही.

"तुमच्या मदर त्या वेळी घरी असणं गरजेचं आहे का?" मॅडमनी विचारलं. "ही तुमच्या हीलिंगची वेळ आहे. बाउंड्री सेट करायला शिका."

मी शिकलो. पुढच्या शनिवारी गॅलरीत एक स्टूल टाकलं. आईला म्हणालो, "तासभर बाहेर बस ना." शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलं, दार बंद दिसलं तर कुणी गेलेलं नाही. आईनं निवडायला तांदळाचं सूप घेतलं आणि बाहेर जाऊन बसली. तिच्या खोलीच्या बाहेर. भाडेपावती तिच्या नावावर, नळ तिच्या नावावर. मी दार लावलं.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, प्रत्येकानं सांगायचं, आपण वेगळे आहोत हे पहिल्यांदा कधी कळलं. बाकीच्यांचं झालं. कुणाला बोर्डिंगमध्ये कळलं होतं, कुणाला पियानोच्या क्लासला. माझी पाळी आली.

ही गोष्ट मी टपरीवर कधी सांगितलेली नाही. तिच्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही म्हणून.

चौथीत होतो. दादरची चांगली शाळा, आईनं खेटे घालून मिळवलेली ॲडमिशन. माझे पाय बाकाखाली हलायचे. मला कळायचंही नाही. बाई दोनदा ओरडल्या. तिसऱ्यांदा खेळाच्या कपाटातली उडीची दोरी आणली आणि माझा उजवा पाय बाकाच्या पायाला बांधला. वर्गाला म्हणाल्या, "यांच्या वस्तीतल्या पोरांना बांधूनच ठेवावं लागतं." वर्ग हसला. माझी हसायची सवय तिथूनच असणार, कारण मीही हसलो.

मग मला शूला लागली. मी हात वर केला. बाईंनी बघितलं. हात खाली कर म्हणाल्या. मी परत वर केला. मग फळ्याकडे वळल्या. मी बराच वेळ धरून ठेवली. मग नाही धरता आली. दोरीसुद्धा भिजली. सुटताना शिपायानं ती दोन बोटांनी सोडली.

घरी जाऊन आईला सांगितलं, वॉटरबॅगचं झाकण सुटलं. आईनं झाकणाला शिव्या दिल्या. चड्डी धुतली. बस. आजही कुठल्याही बाटलीचं झाकण मी दोन-दोनदा पिळतो. ऑफिसात लोकांच्या बाटल्यांचीही. त्याचाही किस्सा आहे.

हे सगळं मी त्या आठ चौकोनांना सांगितलं. कानांवर हेडफोन, म्हणजे आपला आवाज आपल्याला कळत नाही. किती मोठ्यानं बोललो, देव जाणे. देव मानत नाही आम्ही, पण तुम्हाला समजलं. रडलो. नाव घेऊन त्या बाईंना एक शिवीही दिली, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि मग मॅडम म्हणाल्या, तुम्ही म्यूटवर होतात.

मीटिंग संपली. मी दार उघडलं.

गॅलरीत कुणी बोलत नव्हतं. आमच्या गॅलरीत दुपारी बाराला कुणी बोलत नाही असं मी कधी पाहिलेलं नाही. गमरेकाका कठड्याला टेकून खाली बघत होते. दोघी बायका कपडे वाळत घालायच्या थांबल्या होत्या, ओला टॉवेल हातातच. तिकडे ज्यांना सांगितलं त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. इकडे ज्यांना बाहेर ठेवलं त्यांना शब्द न् शब्द.

माझा आजवरचा सगळ्यांत मोठा पचका. मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. सुचलं नाही.

आई स्टुलावर बसली होती. सुपातले तांदूळ कधीच निवडून झाले होते. तरी बोट फिरत होतं.

"झाकण घट्ट होतं," ती म्हणाली. "मीच लावायची."

"तुला माहीत होतं?"

"वास येतो ना बाबू. पाण्याला वास येतो काय?"

"मग काही बोलली का नाहीस?"

"गेलती की. दुसऱ्या दिवशी, ड्युटीच्या आधी. बाईनी दारातच थांबवलं. म्हणाल्या, आत नका येऊ, मुलं डिस्टर्ब होतात. वर्गाच्या बाहेर उभी राहिले सुट्टीपर्यंत. तू पाठमोरा दिसत होतास. मग ड्युटीला उशीर झाला, गेले." तिनं सूप झटकलं. "आज निदान स्टूल दिलंस."

तिनं टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच सांगत होती, तेव्हा उभं राहावं लागलं, आज बसायला मिळालं.

ती आत गेली. कुकर चढवला. मी तिथेच उभा राहिलो, त्या लिफ्टपाशी राहिलो होतो तसा. डिस्टर्ब. तोच शब्द. तेव्हा बाईंनी तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आज बाईंची गरजही पडली नाही. मीच ठेवलं. वर त्याला बाउंड्री म्हणालो.

तो आठवडा मी टपरीवर गेलो नाही.

शनिवार आला. मी दार सताड उघडलं, मागे दगड लावला. ब्लर काढलं. स्टूल आत घेतलं. आई ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. अकरा वाजता मी हेडफोन चढवले, म्हणजे बाकीच्यांचं बोलणं कुणाला ऐकू जाऊ नये. तेवढं मला कळतं.

मॅडमनी एकदम ओळखलं. "आपलं काय ठरलं होतं? क्लोज्ड डोअर."

"दार उघडं आहे, मॅडम. उघडंच राहणार."

"हा इतरांच्या प्रायव्हसीचा प्रश्न आहे."

"तुमचे आवाज माझ्या कानात आहेत. बाहेर जातो तो फक्त माझा. माझी हरकत नाही."

"पण तुमच्याकडचा आवाज आत येतो ना. इथे काही जणांना आवाज सहन होत नाही. सेन्सरी इश्यूज आहेत. तुम्हाला याची जाणीव हवी."

मागून गमरेकाकांनी डोकं आत घातलं. "चालू झालं काय रे तुझं?" मी हात केला. ते गेले नाहीत. दारातच उभे राहिले.

मी म्हणालो, "मॅडम, मला आवाज सहन होतो असं तुम्हाला का वाटलं?"

त्यांनी माउसकडे हात नेला.

"माझ्या डोक्यात हा सगळा मजला वाजतो. शिट्टी कुणाची, नळ कुणाचा, भांडण कुणाचं, मला वेगळं काढता येत नाही. म्हणून मी आलो. तुम्हाला आठवड्यातून एक तास माझं घर ऐकवत नाही. मी त्यात राहतो. शांत जागा असती तर निम्मा आजार तिथेच गेला असता. ती नाही. टॉवरवाले देणार नाहीत, तुम्ही देणार नाही. मग शिकवायचं तर या आवाजात शिकवा. नाहीतर म्हणा, ही थेरपी फक्त बेडरूमवाल्यांसाठी आहे."

हे मी एवढं सरळ बोललो नाही. मध्ये दोनदा अडखळलो, एकदा भलत्याच विषयावर गेलो, पंख्याच्या. पण आलो परत.

मॅडमचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणाची मला भीती वाटते. "तुम्ही आज थोडे अग्रेसिव्ह होताय. आपण हे वन-ऑन-वन बोलू."

"मागच्या शनिवारी माझी गोष्ट राहिली. ती सांगतो. म्यूट करायचं तर सांगून करा. माझ्या तोंडावर."

"आज इतरांची टर्न आहे."

"थांबतो."

"मला वाटतं, ही स्पेस तुमच्यासाठी योग्य नाही."

"मग काढा मला," मी म्हणालो. "मी स्वतःहून उठणार नाही. तुमच्या हातानं काढा."

सँडविचवाल्यानं चावणं थांबवलं होतं. मॅडमनी खाली बघितलं, काहीतरी दाबलं. चौकोन गेले. पडद्यावर एक ओळ उरली, होस्टनं तुम्हाला मीटिंगमधून काढलं आहे. आणि त्या काळ्या पडद्यात मी, आई, बांगडे, दोन फोटो, दारात गमरेकाका. सगळे अंधुक, पण ब्लर नाही.

"काढलं तुला?" आईनं विचारलं.

"काढलं."

"मग आता?"

"पुढच्या शनिवारी परत."

"घेतील?"

"नाही घेणार."

तिनं बांगड्यावर मीठ चोळलं. काका म्हणाले, "मग कशाला जातोस मरायला?" त्यांचंही बरोबर आहे. मला झोप हवी होती. मला खरंच फार दमायला झालं होतं, आणि अजून होतं. गोळी घेतो. कुकरच्या शिट्ट्या अजून चुकतात. बरं वाटलं वगैरे काही नाही.

पण दर शनिवारी अकराला मी लिंक उघडतो. पडद्यावर येतं, थांबा, होस्ट तुम्हाला लवकरच आत घेतील. मी थांबतो. पूर्ण तास. तिकडे मॅडमना माझं नाव दिसत असणार, वेटिंग रूममध्ये. दर आठवड्याला त्यांना ते नाव बघून नाही म्हणावं लागतं. तेवढं काम त्यांनी करावं.

दुसरा ग्रुपही शोधतोय. पहिल्याच फोनवर सांगतो, घर एक खोलीचं आहे, दार उघडं असतं, मागे आई असते. काही जण फोन ठेवतात. ठेवू देत.

मला बरं व्हायचंय. पण आईला दाराबाहेर बसवून नाही.